वरात नावाच्या तीन ओळी

९ नोव्हेंबर ८७

आज मशीनचा आवाज पहिल्यांदा खरा वाटला आणि मी घाबरून खिडकी लावली. कडी बसली का ते दोनदा पाहिलं.

कॉम्प्युटरची खोली रस्त्याच्या बाजूला. साडेचारनंतर पोरं गेली की खोली माझी. पण पाचला अप्पा फाटकाशी येऊन उभे राहतात. हातात माझी छत्री, पाऊस असो नसो. अठ्ठावीस वर्षांची गणिताची टीचर आणि न्यायला बाप येतो, म्हणून स्टाफरूममध्ये चेष्टा. करू देत. त्यांनी फाटकाशी उभं राहून हे ऐकलं असतं तर...

नाही ऐकलं. छत्री दिली, म्हणाले, "उशीर केलीस." पुढं काही नाही. घरापर्यंत माझं लक्ष त्यांच्या तोंडाकडं.

१० नोव्हेंबर

लिहून ठेवते, नाहीतर दोन महिन्यांनी मलाच कळायचं नाही.

मशीनसाठी मी केलेली भाषा, नाव ठोका. आठ शब्द: नाव, जाड, बारीक, सूर, चढ, उतर, थांब, परत. बटणं इंग्रजी, शब्द मराठी. बेसिकमध्ये मी लिहिलेला प्रोग्रॅम हे शब्द ओळीओळीनं वाचतो आणि मशीनकडून वाजवून घेतो. मशीनला चार गळे. तीन सुराचे, चौथा नुसत्या खरखरीचा. त्या खरखरीला कुणी विचारत नाही, मी तिलाच धरलं. आवाज एकदम वर, लगेच खाली, मागं थोडीशी घुम. झाली हलगी. जाड म्हणजे उजव्या हातातल्या टिपरूचा ठोका, बारीक म्हणजे डाव्या हातातल्या काडीचा. प्रत्येक चालीला आधी नाव द्यायचं, त्याशिवाय मशीन 'नाव नाही' म्हणून थांबतं. ही अट मीच घातली. हजेरी घेण्याची खोड, दुसरं काय.

सूरही वाजतात. शाळेची प्रार्थना छान वाजते. पण प्रार्थनेपाशी माझं मन रमत नाही, खरखरीपाशी रमतं. ज्या घरात हलगीचं नाव काढत नाहीत, त्या घरातली मी.

१२ नोव्हेंबर

चाल तीन ओळींत बसली!

नाव वरात
जाड बारीक बारीक जाड बारीक जाड जाड
परत ४०

एवढंच. एकही थांब नाही. असं सुटसुटीत उत्तर आलं की मला दिवसभर भूक लागत नाही.

चाल कुठून आली ते इथं तरी खरं लिहावं. अप्पांच्या बोटांतून. लहानपणी मला निजवताना पाठीवर थोपटायचे ते ह्याच मापात. अजून खाटेच्या कडेवर त्यांची बोटं चालतात. बातम्या ऐकताना, चहाची वाट बघताना. त्यांचं त्यांना कळतही नसावं. एवढी पळती चाल म्हणजे वरातीचीच असणार, म्हणून तसं नाव दिलं. विचारायची सोय नाही.

कॅसेटवर भरून ठेवली. कॅसेटवर लिहिलं 'प्रार्थना २'. चोराच्या अकलेचं काम.

१५ नोव्हेंबर, रविवार

अप्पा घरी. मी ज्वारीच्या भाकरी केल्या, त्यांनी अंबाडीची भाजी निवडली. बोटं थांबली की मी बघायची, चालू लागली की खाली मान घालायची. "काय बघायलीस माझ्या हाताकडं?" म्हणाले. "काही न्हाई." "मग भाकर करपायली ती बघ."

त्यांची गोष्ट मला जेवढी ठाऊक तेवढी अशी. छपन्न साली हैदराबाद राज्य गेलं, म्हैसूर राज्य आलं, त्याच हिवाळ्यात दुबलगुंडीत आमच्या वस्तीनं धर्म बदलला. अप्पा पंचक्रोशीतले नावाजलेले हलगीवाले. त्यांनी चावडीपुढं विळ्यानं हलगीचं कातडं चिरलं, रिकामं कडं तिथंच ठेवलं आणि हात वर करून बोलले की ह्या हातांनी पुन्हा कुणासाठी वाजवणार नाही. पुढल्या वर्षी पाटलाची आई गेली. मयतापुढं वाजवायचं बोलावणं आलं. गेले नाहीत. मग दुकान बंद, गिरणी बंद, पाणी बंद. शेवटी गाव सोडून इकडं सडकेच्या कामावर आले. मी नंतरची. नाव सुजाता, नव्या धर्मातलं. त्या वस्तीतल्या कितीजणांनी हे भोगलं, आणि मी सरकारी मशीनवर तेच वाजवते. का? आवडतं म्हणून. त्यांच्यापुढं उभं राहून हे म्हणायची छाती नाही.

मारणार नाहीत. कधी मारलं नाही. बोलणं बंद करतील, त्याची मला फार भीती वाटते.

१८ नोव्हेंबर

जे व्हायला नको ते झालं. हेडमास्तर खोलीत आले, मी पाठमोरी. पूर्ण चाळीस वेळा ऐकून मग खाकरले.

"टीचर, ही तर आपल्या गावची हलगी!"

खूश. फारच खूश. १२ डिसेंबरला गुलबर्ग्याहून साहेब येणार आहेत, कोणत्या शाळेत मशीनचा उपयोग होतो ते बघायला. जिथं होत नाही तिथलं मशीन उचलणार. त्या दिवशी हॉलमध्ये मशीनची हलगी लावायची, वर चालीच्या नावाचा बोर्ड. मी म्हटलं प्रार्थना लावू. "प्रार्थना कुणीही लावतं. हलगी तुम्हीच लावायची. तुमच्या तर रक्तातच आहे ना."

हसत म्हणाले. चांगलं म्हणायचं होतं त्यांना. माझे कान तापले आणि मी "हो सर" म्हटलं. हो सर!

नाही म्हटलं तर मशीन जाईल. हो म्हटलं तर हॉलमधून आवाज बसस्टँडपर्यंत जातो, अप्पा कुठंही असले तरी ऐकतील.

२० नोव्हेंबर

रात्री झोप नाही, दिवसा चुका. नववीच्या वर्गात फळ्यावर सात गुणिले आठ चोपन्न लिहिलं. पोरं माझ्याकडं बघत राहिली. शेवटी एकीनं सांगितलं.

पाचला फाटकाशी गेले तर अप्पा नेहमीच्या जागेवर नव्हते. आत, खिडकीखालच्या लिंबापाशी उभे.

"इकडं कामून आलाव?"

"ऊन लागायलतं तिकडं."

खरंच ऊन होतं. घरी आल्यावर मी घोटभर पाणीसुद्धा बसून प्यायले नाही.

२६ नोव्हेंबर

अक्षर आज वाकडं येतंय.

आज हॉलमध्ये तालीम. शाळा सुटल्यावर. हे. मा. बिदरला गेलेले, म्हणून मी, मशीन आणि बसप्पा शिपाई. बसप्पा दुबलगुंडीकडच्या निर्ण्याचे, पुढच्या वर्षी रिटायर. त्यांनी मशीन उचलून आणलं, मशीनला जोडायचा टीव्ही मांडला, माइक टीव्हीपुढं धरून ठेवायला खुर्ची लावली. अप्पांना मी आज मुद्दाम सांगितलं होतं, येऊ नका, मीटिंग आहे.

चालू केलं. कर्ण्यातून पहिल्यांदा. एवढ्या मोठ्यानं मीही ऐकलं नव्हतं.

वळून बघते तर बसप्पा टोपी काढून भिंतीला लागून उभे. रस्त्यावरून मयत चाललं की माणसं उभी राहतात तसे. दाराबाहेर बघत कानडीत म्हणाले, "यार होदरू?" मग मला, "अक्का, कोण गेलं? कुणाचं लेकरू?"

"कुठलं लेकरू? हे मशीन आहे बसप्पा. वरातीची चाल."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी वर्गात चोपन्न लिहिल्यावर पोरांनी बघितलं.

"वरातीची? न्हाई अक्का. ही लेकराच्या मयताची चाल हाय. मोठं माणूस असलं की धा-वीस पावलावर खांदा बदलायचा, तवा हलगी थांबती. लेकराला खांदा लागत न्हाई. बाप हातावर घिऊन जातो. मग हलगीनं थांबायचं कशाला? झपाझपा, थेट खड्ड्यापातूर."

मी बंद केलं. बटण सापडेना. तोवर ती आणखी दोनदा वाजली.

बसप्पा टोपी घालून जवळ आले. हळू बोलले. "शेवटचं जाड-जाड असं जोडून मारणारा एकच हुता. दुबलगुंडीचा मारुती. मी ऐकलाय त्याला, जवानीत. तुमचा अप्पा न्हवं का त्यो?"

"कुणाला सांगू नका."

"मी कशाला सांगतो, अक्का."

ते म्हणाले आणि माझी भीती दुप्पट झाली. आतापर्यंत एकटीची होती.

२७ नोव्हेंबर

एकही थांब नाही म्हणून मी फुशारले होते.

पाठीवर तीच चाल. वर्षानुवर्षं. मी तिच्यावर झोपत आले.

लेकरू कोण ते मला माहीत आहे. म्हणजे कालपर्यंत माहीत असून माहीत नव्हतं. आई असताना एकदाच म्हणाली होती, "तुझ्या आधी एक हुता. गणू." मी विचारलं, कसा होता. "तीन वर्साचा हुता. सत्तावन साली गेला." एवढंच, आणि उठून चुलीकडं गेली. आईही जाऊन आता सहा वर्षं झाली.

पाटलाच्या आईच्या मयताला अप्पा गेले नाहीत ते सत्तावन्न साल. गणूही त्याच साली. दोन्ही गोष्टी मला वेगवेगळ्या सांगितलेल्या, मी त्या वेगवेगळ्याच ठेवल्या. गणिताची टीचर म्हणे.

२९ नोव्हेंबर, रविवार

अप्पा खाटेवर. रेडिओ चालू. बोटं: जाड बारीक बारीक जाड. मी भांडी घासत होते, राख डोळ्यात गेली असं सांगितलं.

आता ते बोटांनी काय करतात ते मला ठाऊक आहे आणि त्यांना ठाऊक नाही की मला ठाऊक आहे. एका खोलीत असं बसणं फार कठीण. आधी वाटायचं रागावतील. आता रागाची भीती नाही. मी हॉलमध्ये कर्णा लावून त्यांचं मेलेलं लेकरू वाजवणार आहे, साहेबांसाठी, वर बोर्ड, आणि बोर्डावर 'वरात'. त्यांना हे कळलं तर ते मोडतील. पासष्ट वय. गेल्या उन्हाळ्यात छातीत दुखलं होतं.

हे. मा.ना सांगायला हवं. काय सांगू? कुठून सुरू करू?

१ डिसेंबर

हे. मा.ना म्हटलं, सर, त्या चालीत चूक आहे, दुसरी लावू. "कुणाला कळतंय टीचर? साहेब गुलबर्ग्याचे." आणि बोर्ड रंगवायला टाकलासुद्धा. पिवळ्यावर लाल अक्षरं.

२ डिसेंबर

बसप्पा आणि अप्पा चहाच्या टपरीवर एका बाकड्यावर. मी स्टाफरूमच्या खिडकीतून बघितलं. बसप्पा बोलत होते, अप्पांची मान खाली. ग्लास भरलेला तसाच.

पाचला अप्पा फाटकाशी. छत्री दिली.

"बसप्पा भेटले का?" मीच विचारलं, न राहवून.

"भेटला की."

"काय म्हणाले?"

"रिटायर व्हायलाय म्हणं."

सांगितलं का नाही? सांगितलं असेल तर हे गप्प कामून? जेवले. एक भाकरी कमी. एक भाकरी कमी म्हणजे काय समजायचं?

४ डिसेंबर

काही नाही. बसप्पांचा विषयही काढला नाही. छातीत दुखतं का विचारलं तर म्हणाले, "तुझं दुखायलंय का? तोंड बघ कसं झालंय."

६ डिसेंबर, रविवार

विहारात वंदना, मेणबत्त्या. गर्दी होती. अप्पा दरवर्षी पुढं बसतात, आज मागं माझ्यापाशी बसले. पंचशील म्हणताना त्यांचा आवाज एका जागी अडकला. मी वर बघितलं नाही.

परत येताना, तालुका ऑफिसच्या भिंतीपाशी, चालता चालता:

"मशीन दाखव मला."

मी चालायची थांबले.

"बसप्पानं सांगितलं. दाखव."

"अप्पा, मला ठाऊक नव्हतं. मी वरात समजून..."

"उद्या दाखव. शाळा सुटल्यावर."

चिडले नव्हते. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

७ डिसेंबर

सगळं नीट क्रमानं लिहायचं आहे.

साडेचार. बसप्पांनी खोली उघडून दिली, म्हणाले मी फाटकावर थांबतो, कुणाला सोडत न्हाई. अप्पांनी चपला बाहेर काढल्या. मी म्हटलं चालतात आत. तरी काढल्या. मशीनकडं बघितलं. "एवढंच?" टीव्हीकडं बघितलं. बाकावर टेकले.

कॅसेट भरायला चार मिनिटं लागतात. ती किंचाळी सुरू झाली तेव्हा दचकले. "हे न्हाई अप्पा, हे नुसतं कॅसेट वाचणं आहे." "हं." चार मिनिटं आम्ही दोघं ती किंचाळी ऐकत बसलो.

"ह्याला हात लावावा लागतो का?"

"एकदा बटण दाबायचं. मग आपणच वाजतं."

"किती येळ?"

"सांगू तितका वेळ. आत्ता चाळीसदा."

त्यांनी मनात काहीतरी मोजलं. ओठ हलत होते. "चाळीसात वस्तीच्या भाईर बी पडत न्हाई. ओढ्यापातूर लई हाय. मी पुरं म्हणंस्तवर वाजू दे."

मी 'परत ४०'चं 'परत ९९९' केलं. बटण दाबलं.

पहिले काही ठोके ते बसून होते. मग उभे राहिले. दोन्ही हात कोपरात वाकवले, पुढं धरले, काही नसलेल्या हातांवर मान झुकवली आणि चालू लागले. बाकांच्या मधल्या वाटेनं, दारापर्यंत, वळून परत. अनवाणी. एकेका ठोक्याला पाऊल. कुठं थांबले नाहीत. मी भिंतीला चिकटून उभी, मला वाटलं आता पडतील. मला वाटलं मी ओरडेन. किती फेऱ्या झाल्या मोजल्या नाहीत, मी, जी सगळं मोजते.

मग टीव्हीपाशी येऊन थांबले. हात हळू खाली केले, वाकून, जमिनीला लागेपर्यंत.

"हं. पुरं."

बंद केलं. बाकावर बसले, खांद्याच्या पंच्यानं तोंड पुसलं. मग बोलले, टीव्हीच्या काळ्या काचेकडं बघत.

"ताप हुता. दवाखान्याला न्याया बैलगाडी मागाया गेलो, कुणी दिली न्हाई. पाटलाची म्हातारी मुक्यानं, हलगीबिगर गेली म्हणून. आठ कोस चालत निघालो त्याला घिऊन, निर्ण्याच्या अलीकडंच... परत आणला. वस्तीत चारजण हलगीवाले. समद्यांनी माझ्यासंगं शपथ घेतल्याली. एकजण म्हणला, मारुती, लेकरासाठी काढू का? मीच न्हाई म्हणलो. आपुन शब्द दिलाय. मुक्यानंच नेला त्याला बी." थोडं थांबून, "बोटाला कुठं शपथ घातली हुती. बोटं करतात त्यांचं त्यांचं."

मी रडत होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, जड, तसाच ठेवून दिला.

"आता पुसून टाक."

"अप्पा..."

"कुणी बी बटण दाबलं की वाजंल. तुझा हेडमास्तर दाबंल. सायब दाबंल, हसंल. गणू काय जत्रंतला पाळणा हाय का? पुस."

त्यांच्यासमोर कॅसेटवर कोरी खरखर भरली. दोन्ही बाजूंनी. त्यांना वाचता येत नाही, पण कॅसेट फिरून संपेपर्यंत नजर हलवली नाही.

निघताना चपला घालत म्हणाले, "आवाज बराबर काढलीस मात्र. कातडं चांगलं शेकलं की असाच येतो."

८ डिसेंबर

हलकं वाटायला हवं. वाटत नाही.

९ डिसेंबर

बोटं थांबली आहेत.

काल लक्षात आलं, म्हटलं भास. आज सकाळी चहाची वाट बघताना हात मांडीवर, उताणा. रेडिओवर बातम्या, हात तसाच. मी मुद्दाम चहाला उशीर केला. काही नाही.

तीस वर्षं चाललेली गोष्ट माझ्या मशीननं एका संध्याकाळीत संपवली. चांगलं केलं का वाईट? जेवतात, बोलतात, छत्री घेऊन येतात. पण मी रात्री दोनदा उठून श्वास बघितला.

१२ डिसेंबर

झालं एकदाचं. साहेब आले, हारतुरे, भाषणं. प्रार्थना वाजवली, साहेबांनी मान डोलावली. मग हे. मा. माइकवर, "आणि आता आमच्या टीचर आपल्या मातीतली हलगी..." पिवळा बोर्ड मागं.

मी उठून म्हटलं, "सर, कॅसेट खराब झाली."

हे. मा. माझ्याकडं बघत राहिले. बसप्पा दारात, टोपी हातात. साहेब म्हणाले, असू दे असू दे, आणि घड्याळ बघितलं.

नंतर खोलीत हे. मा., दार लावून: "टीचर, तुम्ही मला तोंडघशी पाडलंत. पुढच्या आठवड्यात यादी येईल. मशीन गेलं तर माझ्याकडं येऊ नका." पण खोटं बोलल्याचं वाईट वाटलं नाही. भीतीतसुद्धा हे एक कळलं.

१४ डिसेंबर

अजून बोटं नाहीत. सात दिवस.

ही वही चाळताना १२ नोव्हेंबरचं पान समोर आलं. तीन ओळी तिथंच आहेत. कॅसेट पुसली, पण हे पान राहिलंच. अप्पांना दिलेला शब्द पुरा करायचा तर पान फाडायला हवं. बोटांत धरलंही. पण त्यांच्या हातात आता ती चाल नाही, मशीनमध्ये नाही. हे पानही गेलं तर गणू कुठंच नाही. मला तो माहीतही नव्हता आणि आता त्याला ठेवायची जबाबदारी माझी. पान फाडलं नाही. नुसतं पहिल्या ओळीतलं 'वरात' खोडलं, जाड रेघ मारून.

१५ डिसेंबर

यादी आली. मशीन गुलबर्ग्याला जाणार. शनिवारी गाडी येईल.

घरी सांगितलं. अप्पा खाटेवर होते. उठून बसले. मग:

"त्या मशीनला आधी नाव सांगावं लागतं म्हण की."

"कुणी सांगितलं?"

"बसप्पा म्हणला. नाव न्हाई तर वाजत न्हाई. तू काय नाव दिलतीस?"

"खोडलंय अप्पा आता."

"कुठलं खोडलीस? पुसलीस न्हवं समदं?"

मी वहीवर हात ठेवला. मीटिंगचं, राखेचं खोटं सहज बोलले होते त्यांच्याशी, आता हे एक जमेना. त्यांनी वहीकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं.

"तुझी आई म्हणायची, पोरगी लिवल्याबिगर जेवत न्हाई."

मी पान उघडून त्यांच्यापुढं धरलं. त्यांना काय दिसणार, तीन ओळी आणि वर एक काळी रेघ. रेघेवर अंगठा ठेवला.

"हितं नाव यायचं का?"

"हो."

"गणू नको घालू. ते घरातलं." अंगठा तिथंच. "गणपत मारुती घाल. शाळंत तेच घालणार हुतो."

शनिवारपर्यंत तीन दिवस आहेत. ठोका दुसऱ्या कॅसेटवर आहेच, तीन ओळी टंकायला पाच मिनिटं लागतात. वाजव म्हणाले नाहीत, वाजवू नको असंही म्हणाले नाहीत, आणि विचारायची मला भीती वाटते. नाव लिहिलं आहे, रेघेच्या वर, स्वच्छ अक्षरात. अप्पा झोपलेत, हात छातीवर, बोटं गप्प. मी दिवा मालवला नाही अजून.